एजंट जयदीप तारेवर लटकलाय

झेरॉक्सच्या दुकानात दोन गोष्टी साचतात. कागद आणि किस्से. कागद रद्दीवाला नेतो, किस्से कुणीच नेत नाही!

पालमच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. यंदाचे सगळे किस्से मला एकाच माणसानं दिले. मुंजाजीकाका, रिटायर्ड एसटी कंडक्टर. एक दिवस आले आणि काउंटरवर सात वह्या ठेवल्या. म्हणाले, "कादंबरी हाय, ताई. टाईप करायची."

हेरगिरीची कादंबरी. हिरो गुप्त एजंट जयदीप, आणि त्याला त्याच्या मेलेल्या जोडीदारानं पछाडलेलं. नाव मुंजाजी आणि लिहितात भुताचं, मला वाटलं काका चेष्टा करायलेत! पण सहा वह्या काठोकाठ भरलेल्या होत्या. सातवी कोरी.

"हिच्यात काय आहे, काका?"

"शेवट."

"कोरी आहे की!"

"तीच तर पंचाईत हाय."

मी पहिली वही टायपिंगला घेतली. तेव्हापासून जो गोंधळ सुरू झाला तो झालाच.

*

टाईप केलेली पानं काउंटरवर पडून असतात. सातबाराच्या झेरॉक्ससाठी थांबलेला माणूस समोरचं वाचणार नाही तर काय करणार? एक मामा बराच वेळ पान हातात धरून उभे होते.

"ताई, ह्यो गुप्त एजंट कोण्या कंपनीचा?"

"कंपनीचा नाही हो, सरकारचा."

"म्हंजी सरकारी विमा?"

"विमा नाही मामा. तो गुप्त असतो. कुणाला दिसत नाही."

मामांनी समजल्यासारखी मान हलवली. "आमचाबी तसाच हाय. पयला हप्ता घेतला अन् जो गुप्त झाला, अजून सापडंना!"

*

तिसऱ्या वहीत इस्तंबूलच्या एका गच्चीवरून जयदीप हेलिकॉप्टरमध्ये चढतो. मागून गोळ्या सुटायल्यात, एकेक सेकंद मोलाचा. आणि काकांनी लिहिलेलं, 'जयदीपने दार ओढले. डबल बेल दिली. हेलिकॉप्टर निघाले.'

मी दोनदा वाचलं. मग काकांना विचारलं, "काका, हेलिकॉप्टरला बेल नसते."

काका खरंच गोंधळले होते बिचारे.

"नसती? मंग ते निघतं कसं?"

*

शेजारी पिको-फॉलचं दुकान सुमनताईंचं. जयदीपला भूत लागलंय हे ऐकून त्यांचा जीव खालीवर झाला. "एवढा तरणाताठा गडी! तुमी त्याला पोखर्णीला कामून नेईनात? नरसिंहापुढं बसवा की एकदा."

मी हसले. काका हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात नवीन पानं आली. जयदीप मिशन अर्धवट टाकून इस्तंबूलहून निघालेला आणि पोखर्णीच्या दर्शनासाठी थेट पिंगळीला उतरलेला!

"काका, हा पिंगळीला कसा उतरला?"

"पॅसेंजर थांबती की तिथं."

माझं डोकंच चालेना. इस्तंबूलची पॅसेंजर? पण सुमनताईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या हातातली साडी सोडून धावत आल्या. "मंग? उतरलं का भूत?"

"उतरलं," काका म्हणाले. "फाट्यावर उतरलं, दर्शन घेतलं अन् परत गाडीत येऊन बसलं."

*

ही चूक मात्र सगळी माझी. संभामामा मेंढरंवाले उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले होते. मी त्यांचे कागद काढले, स्टेपल मारला आणि सांगितलं, "मामा, सगळ्या पानांवर सह्या करा." मामांनी केल्या, तहसीलला कागद देऊन आले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन. "ताई, हे स्वघोषणापत्र तुमच्याच दुकानातलं का?"

"हो साहेब. काही राहिलं का?"

"राहिलं काहीच नाही. जास्तच आहे. ह्यात लिहिलंय, 'मी आज मंत्र्याला उचलणार आणि कुणाला कळायच्या आत सीमा पार करणार.' खाली सही, संभाजी."

मी दुकान उघडं टाकून पळत गेले! मामा साहेबांच्या टेबलापुढं हात जोडून उभे. म्हणत होते, "सही माझीच हाय, साहेब. खोटं कशाला बोलू? पर मंत्र्याला उचलून मी ठिवू कुठं? मेंढरालाच जागा पुरंना!"

*

आता जे सांगते त्यात मला अजून माझाच राग येतो.

जयदीपचं भूत फार बोलायचं नाही. जयदीप कुठंही संकटात सापडला की त्याच्या कानात एकच शब्द. "मंग?" बॉम्बची वायर कापायलाय, "मंग?" शत्रूनं पिस्तूल रोखलंय, "मंग?" मला वाटलं, काकांची बोलायची सवय आहे, शुद्ध करून टाकावं. कॉम्प्युटरला हुकूम दिला, जिथं 'मंग' तिथं 'मग'. एका क्लिकमध्ये सगळं साफ! वर 'मंगळवार'चा 'मगळवार' झाला.

काकांनी प्रूफ वाचलं आणि खाली बसले. "ताई, माझा माणूस कुठं गेला?"

मी घाबरून उलटा हुकूम दिला. मंग परत आला, पण जयदीपला खाणारी मगर 'मंगर' झाली. आम्ही दोघं चार दिवस एकेक शब्द शोधत बसलो. तेव्हा काकांनी सांगितलं.

त्यांच्या गाडीवर शेषराव ड्रायव्हर होते. अठरा वर्षांची जोडी. जयदीपची गोष्ट काका त्यांनाच सांगायचे, पण 'गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये' ही पाटी काकांनी कधी मोडली नाही. त्यामुळे गोष्ट फक्त स्टँडवर, चहा संपेपर्यंत. शेषराव कपातून तोंड काढून म्हणायचे, "मंग?"

शेवटच्या दिवशी जयदीप दोन इमारतींच्या मधे तारेवर लटकला होता. शेषराव म्हणाले, "मंग?" काका म्हणाले, "उद्या सांगतो," आणि डबल बेल दिली. त्याच दिवशी घरी गेल्यावर शेषरावांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचलेच नाहीत.

"मग लिहा ना काका शेवट," मी म्हणाले. "त्यांच्यासाठीच लिहा. पुस्तक छापणारा परभणीचा प्रेसवाला रोज फोन करायलाय."

काकांनी कोरी वही उघडली, परत मिटली. डोळे भरून आले होते त्यांचे. "लिवला की त्यो 'मंग' म्हणायचा बंद होईल, ताई. मंग मला कोण म्हणणार?"



*

आणि परवाची दुपार. लाईट गेलेली, मशीन बंद. काका काउंटरला टेकून बसलेले. तेवढ्यात शेषरावांच्या बायको, गयाकाकू, पेन्शनचे कागद घेऊन आल्या. काकांना बघून थबकल्या. वर्षभर काका त्यांच्या घराकडं फिरकले नव्हते.

काका उठून उभे राहिले. "वैनी, शेषरावाला एक गोष्ट सांगायची राहिली माझी."

"जयदीपची ना?"

काका एक पाऊल पुढं आले.

"हे रोज घरी आले की मला सांगायचे. जेवण थंड व्हायचं, पर गोष्ट आधी. तारेवर लटकला तिथवर ठाव हाय मला." काकूंनी पिशवी खाली ठेवली. "वरीस झालं, भावजी. लटकूनच हाय त्यो."

"तुमाला समदी ठाव हाय?"

"समदी. जयदीप ड्रायव्हर हाय अन् आतून गुप्त एजंट."

"ड्रायव्हर?" काका ओरडलेच. "अवं वैनी, त्यो ड्रायव्हर कधी झाला?"

"आमच्यात ड्रायव्हरच हाय. अन् त्याचा एक कंडक्टर दोस्त हाय, लय बडबड्या."

काका हसले. एवढ्या महिन्यांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. काकूंनी स्टूल ओढलं, बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

काकांनी सांगितलं. जयदीप तारेवरून सरकत सरकत पलीकडं कसा पोचला, हात कसे सोलपटले, पूल कसा ओलांडला. सुमनताई मशीन सोडून आल्या. झेरॉक्सला आलेली दोन माणसं लाईट कधी येईल ते विचारायचं विसरली. पुलाच्या टोकाला एक गाडी उभी होती, स्टेअरिंगवर त्याचा मेलेला जोडीदार. जयदीप मागच्या दारानं चढला. दार लावलं. डबल बेल दिली. गाडी निघाली.

"संपलं," काका म्हणाले.

काकूंनी पदरानं डोळे पुसले, स्टूल थोडं पुढं ओढलं आणि काकांच्या तोंडाकडं बघत म्हणाल्या,

"मंग?"