कौलांवरचा लाल दिवा

मिरजोळ्याच्या फाट्यावर काशीराम गोताडचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक बाकडं. पण लांज्यापासून लोक गाडी घेऊन यायचे, कारण हातातलं काम पुरं झाल्याशिवाय हा माणूस चहालासुद्धा उठत नसे. मी गावचा शाळामास्तर. आळशी माणसाचा मला मनस्वी राग येतो, म्हणून काशीराम मला आवडायचा.

शहाऐंशी साली दुबईहून आलेल्या एका गृहस्थाने फियाटला बसवायला अलार्म आणला. दार उघडलं की भोंगा. काशीरामने तो बसवला आणि जास्तीची बटणं लावून बॉनेट नि डिकीही त्याला जोडली. एवढंसं काळं खोकं, पण त्याला मोकळ्या वायरी बऱ्याच होत्या. काही वायरी आत खबर आणायच्या, काही बाहेर हुकूम न्यायच्या. मग त्यावर भोंगा लावा नाहीतर दिवा. गृहस्थाकडे तसंच एक बिघडलेलं खोकं होतं, ते त्याने काशीरामला देऊन टाकलं. काशीरामने ते दुरुस्त करून दुकानामागच्या चढणीवरच्या घरी नेलं. आम्ही त्याची टर उडवली. मी म्हटलं, "अरे, तुझ्या घरातून चोर काय नेणार? मडकी?"

तो हसला नाही. त्याची बायको मैना वर्षापूर्वी अर्धांगाने अंथरुणाला खिळली होती. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. एकदा तो दुकानात असताना ती खाटेवरून घसरली आणि पालथी पडून राहिली. तोंड जमिनीला, श्वास कोंडलेला. थोडक्यात वाचली. तेव्हापासून त्याच्या जिवाला तो एकच घोर होता.

गाडीच्या दाराला एक लहानसं बटण असतं. दार लागलं की ते दाबलेलं राहतं, उघडलं की सुटतं. तसं एक त्याने मैनाच्या अंथरुणाखाली बसवलं. ती घसरली, भार उठला, की खाली दुकानात भोंगा. दुसरं बटण तिच्या डाव्या हाताशी, पाणीबिणी मागायला. वीज जाते म्हणून सगळं गाडीच्या बॅटरीवर. पहिले चार दिवस मैना उगाचच बटण दाबायची. हा ग्रीसने माखलेल्या हातांनी चढण चढून धावत यायचा, आणि ती अर्ध्या तोंडाने हसायची.

मग शिमगा आला. देवीची पालखी बसते तो चौथरा, म्हणजे सहाण, त्याच्या घराच्या उताराखालीच. ढोलांत भोंगा ऐकू येणार नाही हे ओळखून काशीरामने त्याच सकाळी खोक्याच्या उरलेल्या वायरीवर एक लाल दिवा जोडला आणि घराच्या कौलांवर बसवला. आम्हाला कोणालाच सांगितलं नाही. तो स्वतःच लक्ष ठेवणार होता. संध्याकाळी शेजारच्या सखूला मैनापाशी बसवून तो सहाणेच्या कडेला, घराकडे तोंड करून उभा राहिला.

पालखीला खांदा द्यायचा मान गोताडांचा. त्या वर्षी त्याचा भाऊ मुंबईहून आलाच नाही. मी कायम पुढे पुढे करणारा. मी काशीरामचा दंड धरला.

"गुरुजी, आज नको. माजा डोळा घराकडं र्‍हाऊ दे."

"घर काय पळून जातंय? देवीपेक्षा मोठं झालं का रे घर?"

देवीचं नाव निघालं. त्याने खांदा दिला. ढोल तापले, पालखी नाचू लागली, गुलालाने त्याचे डोळे भरले.

थोड्या वेळाने ओटी भरणाऱ्या बायकांच्या रांगेत मला सखू दिसली. मी डोळे वटारले. ती म्हणाली, "मैनानंच खुणेनं धाडलान. माज्या नावानं देवीची ओटी भर म्हणून." तिच्या हातात मैनाचा नारळ होता.

दिवेलागण झाली. घरोघरी रंगीत बल्बांच्या माळा लागल्या. तेवढ्यात काशीरामच्या कौलांवर लाल दिवा लागला. मी तो पाहिला. शेजारच्यांना दाखवलासुद्धा. "बघा, घरात एवढं दुखणं, तरी देवीसाठी दिवा लावलाय. याला म्हणतात भक्ती!" असं म्हणून मी, मूर्खाने, त्या दिव्याला हात जोडले.

पालखी टेकली. काशीरामने डोळ्यांतला गुलाल पुसला, वर पाहिलं आणि धावत सुटला. मला वाटलं, त्याच्या अंगात आलं. आम्ही मागोमाग पोचलो तेव्हा मैना जमिनीवर पालथी होती. सगळं संपलं होतं. खाली बंद दुकानात भोंगा वाजतच होता.

बाराव्याला मी त्याच्याकडे गेलो. घरात पाय टाकवत नव्हता. उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "काशीराम, दिवा लागला तेव्हा मी बघितला होता. मला आरास वाटली." त्याने शिव्या द्याव्यात, एक ठेवून द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

तो भिंतीवरची वायर सोडवत होता.

"तुमाला ठावंच नव्हतं, गुरुजी," तो म्हणाला. "पण तिला ठावं व्हतं. दिवा तिला दाखवूनच बसवला. तिला बोललो, आता किती का ढोल वाजू देत, भिऊ नको. मी बघतोय."