शकीलभाई आणि दोन रुपयांचा शेअर

शकीलभाईंना एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. अंबडच्या आमच्या कारखान्यात ते तयार पार्ट तपासायचे, तेही उभ्यानेच. चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे. मोबाइल गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. पहिली पाळी साडेतीनला सुटायची आणि शेअर बाजारही साडेतीनलाच बंद व्हायचा. भोंगा झाला की आम्ही दहाबारा जण लॉकरकडे पळायचो, ते बंद होतानाचा भाव बघायला. सगळ्यांच्या पुढे शकीलभाई, वय वर्षं सत्तावन्न! आता ते रिटायर होऊन मालेगावला भावाकडे असतात. तिथेही पळत असतील.

हा नाद पेनी शेअरचा, म्हणजे दोनचार रुपयांना मिळणाऱ्या शेअरचा. शकीलभाई त्यात फक्त ओव्हरटाइमचे पैसे घालत. "पगाराला हात लावायचा नाय," ते म्हणायचे. "दहा घेतले तर सात तांबड्या डब्यात जाणार, हे धरून चालायचं." तांबड्या डब्यात आमच्याकडे रिजेक्ट झालेला माल टाकतात. "दोन जेमतेम पास. एखादा चालला तर चालला. पण एकाचे दहा होतील म्हणून बसशील, तर तूच डब्यात जाशील."

मी ऐकायचो आणि सोडून द्यायचो. कारण मी दोन रुपयांना घेतलेला एक शेअर रोज पाच टक्के चढत होता. त्याहून जास्त एका दिवसात चढायची त्याला परवानगीच नव्हती. लॉकरमधला मोबाइल मला स्वस्थ बसू देईना. मी हातापाया पडून दुसरी पाळी मागून घेतली. आता सकाळी सव्वानऊपासून मी घरीच, मोबाइल हातात. चार रुपये झाले, सहा झाले. घराच्या बुकिंगसाठी माझ्या बायकोने, वंदनाने, भिशीतून साठवलेली रक्कम माझ्या खात्यावर होती. रोज थोडी थोडी करत ती सगळी मी त्यात घातली. तिला सांगितलं नाही. जेवण जाईना, झोप लागेना, पण अंगात नुसती वीज खेळत होती.

पाळी बदलताना शकीलभाई गेटवर भेटले. मी मोबाइल दाखवला. त्यांनी भाव पाहिला आणि म्हणाले, "उद्या सकाळीच अर्धे विकून बघ. स्क्रीनवर दिसतो तो भाव तुझा नाय, संजू. समोर घेणारा उभा राहिला, की मग तुझा."

"तुम्हाला माझं बघवत नाही, शकीलभाई," मी म्हणालो. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात शेअर उलटा फिरला. रोज पाच टक्के खाली, आणि घेणारा एकही नाही. विकायला हजारोंची रांग. मी विकायला काढायचो आणि बाजार बंद झाला की ऑर्डर तशीच परत यायची. हे कळल्यावर शकीलभाईंनी मला न विचारता स्वतःची पाळी बदलून घेतली. रोज सकाळी ते पाथर्डी फाट्यावरच्या टपरीवर हजर. बाजार उघडायच्या आधी माझ्याकडून विक्रीची ऑर्डर लावून घ्यायचे, म्हणजे रांगेत नंबर पुढे लागावा. "परत चढला तर?" मी रोज विचारायचो. "चढू दे. लाव," ते म्हणायचे आणि टपरीभोवती फेऱ्या घालायचे.

तिसऱ्या आठवड्यात एकदाचे शेअर विकले गेले. निम्मे पैसे आले, निम्मे बुडाले. "चल, भाभीला सांगू," म्हणत ते माझ्या घरी निघाले.

जिन्यात माझे पाय अडले. "भाई, आत्ता थोडेच गेले म्हणून सांगतो. बाकीचे ओव्हरटाइम करून भरून काढीन."

त्यांनी कठडा धरला. "मीबी हेच केलं. पोरीच्या कॉलेजचे पैसे होते, सगळे गेले. बेगमला सांगितलं, आहेत, वाढतायत. सात वर्षं. दवाखान्यात पण विचारायची, किती झाले हो? मी वाढवून सांगायचो. खूश होऊन गेली बिचारी." मग हळूच म्हणाले, "आता खरं कुणाला सांगू?"

मी बेल वाजवली.

वंदनाने दार उघडलं. चपला काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं, किती घातले, किती आले. ती माझ्याकडे बघेना. माझ्या मागे उभ्या असलेल्या शकीलभाईंना तिने विचारलं, "भाई, हे खरं बोलतायत ना?"

शकीलभाईंना हो म्हणायचं होतं. पण नुसती मान हलवत ते आमच्या दारात रडायला लागले.