नारळी पौर्णिमेची कंडिशन

मंडळी, आज ऑफिसात जे झालं ते डोक्यातून जातच नाहीये.

रबाळ्याच्या एका कारखान्याचं हजेरीचं जुनं सॉफ्टवेअर आम्ही व्हिज्युअल बेसिकमधून जावामध्ये आणतोय. मूळ कोड आमच्या ऑफिसातल्या तांडेलकाकांचा. काका मागच्या वर्षी गेले.

आज त्यांच्या एका कंडिशनपाशी आले. नारळी पौर्णिमेला खाडीकाठच्या गावांतला कामगार लवकर निघाला, तर त्याची अर्धी रजा कापायची नाही. मी नवीन असताना काकांना विचारलं होतं, हे कशाला?

"खारीला नारल द्याचा आसतो पोरी. त्या दिवशी कोन थांबनार हाय?" काकांच्या बोलीत खारी म्हणजे खाडी.

टीम लीडला दाखवलं. तो म्हणाला, "पॉलिसीत नाहीये यार. उडव."

उडवली. मग गेल्या वर्षीची हजेरी जुन्या आणि नव्या, दोन्ही प्रोग्राममधून काढली. वाटलं, आता कुणाची तरी अर्धी रजा कापलेली दिसेल, आणि मी लीडशी भांडेन.

एका ओळीचाही फरक आला नाही. त्या गावांतलं तिथे आता कुणी कामालाच नाही.

लीडचा मेसेज आला, "परफेक्ट मॅच! 👍"

तुमच्याकडे नारळी पौर्णिमेला लवकर निघणारं कुणी आहे का अजून?