मामाजींच्या मुंग्या

मुंग्यांचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. भंडाऱ्याला माझ्या माहेरी दोन खोल्यांचं फरशीचं घर होतं. त्या फरशीवर मुंगी दिसली की आई मलाच हाक मारायची, कारण या कामात माझा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. हळदीची रेघ, चुलीतली राख, रॉकेलचा बोळा, उकळतं पाणी, सगळं करून झालेलं. घाण मला सोसत नाही, आणि जे सोसत नाही ते मी बोलून मोकळी होते. लग्न ठरलं तेव्हा आईनं सांगितलं होतं, सासरी झाडू आणि जीभ दोन्ही जरा हळू चालव. मी दोन्हीही हळू चालवली नाहीत.

सासर साकोलीपासून आत, तळ्याकाठच्या गावात. धानाची शेती, मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणानं सारवलेली जमीन. घरात माणसं चारच: सासू, सासरे, माझे यजमान आणि मी. सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्यांना मामाजी. मामाजी समोर आले की डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचा, हा तिथला नेम. मामाजी मोठे गरीब स्वभावाचे. जेवताना मीठ कमी पडलं तरी मागायचे नाहीत, आत्याबाईच त्यांचं तोंड बघून ओळखायच्या.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, धानाची रोवणी आटोपता आटोपता मामाजी आजारी पडले. पोटात अन्न ठरेना. साकोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता घरीच ठेवा, चमच्या-चमच्यानं साखरेचं पाणी द्या. ते काम माझ्याकडे आलं. मला तेव्हा पाचवा महिना होता. त्या दुपारी मी चमचा तोंडाशी नेला की ते मान फिरवायचे. एकदा, दोनदा, पाच वेळा. माझी पाठ भरून आली होती, आणि मी चिडले. “नसंल प्यायचं तर राहू द्या,” असं मी त्या मरणाच्या दारातल्या माणसाला फटकन बोलले आणि गिलास खाली आपटला. तो कलंडला, पाणी खाटेखाली पसरलं. एरवी मी ते लगेच पुसून पुन्हा सारवलं असतं. त्या दिवशी नुसतं एक पोतं ओढून त्यावर टाकलं आणि आत निघून गेले.

तासाभरात मामाजी गेले. जीव जाताना माणसाला जमिनीवर उतरवतात, तसं त्यांना उतरवलं. खाट सरकवून, पोतं बाजूला करून, नेमकं त्याच जागी.

तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुष मंडळी परत आली, तेव्हा गावच्या रीतीप्रमाणे त्या जागेवर तांदळाचं पीठ पातळ पसरलं आणि त्यावर बांबूचं टोपलं पालथं घातलं. शेजारी दिवा ठेवला. सकाळी टोपलं उचलायचं आणि पिठात कुणाचं पाऊल उमटलं ते बघायचं. ज्याचं पाऊल, त्याच्या जन्माला माणूस गेला. पाखराचं असेल, सापाची रेघ असेल, कुणाकुणाला तर लहान मुलाचं पाऊल दिसलेलं. हे सगळं मला ऐकून माहीत होतं, आणि मी मॅट्रिक झालेली, भंडाऱ्याची, तेव्हा मनातल्या मनात हसतही होते.

सकाळी शेजारच्या एका म्हातारीनं टोपलं उचललं. पिठात बारीक बारीक वाटा पडल्या होत्या. वळणाच्या, एकमेकींना छेदणाऱ्या. आणि मधोमध काळ्या मुंग्यांची रांग चालली होती. म्हातारी हात जोडून म्हणाली, मुंगीचा जन्म आला. तीन दिवस न बोललेल्या आत्याबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

“घरातच रायले म्हणा. दूर नाही गेले.”

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी जीभ चावली. मला ठाऊक होतं, मुंग्या का आल्या ते. घरात फक्त मलाच ठाऊक होतं. पण ते सांगायचं तर गिलास कसा सांडला ते सांगावं लागलं असतं, आणि त्याआधी मी काय बोलले तेही. मी गप्प बसले. माझ्या जन्मात मी गप्प बसल्याचे प्रसंग बोटावर मोजण्यासारखे, त्यातला हा एक.

मग आत्याबाईंचा रोजचा क्रम ठरला. सकाळी आंघोळ झाली की त्या जागेवर चिमूटभर पीठ आणि चिमूटभर साखर. ते ठेवून त्या तिथंच बसायच्या आणि हलक्या आवाजात घरातलं सगळं सांगायच्या. धानाची बांधी फुटली होती ती बुजवली, बैलाच्या खांद्याला सूज आहे, सून आता भरत आली. मी चुलीपाशी बसून ऐकायची. मधे त्या थांबायच्या, उत्तराला जेवढा वेळ लागावा तेवढा, आणि मग “हो, तेच म्हणून राहिली मी,” असं म्हणून पुढं सांगू लागायच्या. ते थांबणं मला ऐकवत नसे. एकदा मी यजमानांना चिडवलं की हत्ती होऊन ओंडके ओढण्यापेक्षा मुंगी होऊन साखर खावी म्हणतात, मामाजींनी जन्मभर ओंडके ओढले, आता खाऊ द्या साखर. ते हसले नाहीत. नंतर माझ्या लक्षात आलं की तेही त्या रांगेवरून पाय टाकत नाहीत, वळसा घालून जातात.

लेक झाली. बाळंतपण माहेरी करून दोन महिन्यांनी मी परत आले, तर मुंग्या घरभर झालेल्या. आयत्या खाण्यावर काळ्यांच्या मागून लालही आल्या होत्या. धान्याच्या ढोलीच्या बुडाशी, पाण्याच्या माठाखाली, भिंतीवरून थेट वाशापर्यंत. मी कंबर कसली. हळदीची रेघ ओढली, तर तासाभरात आत्याबाईंनी ती पदरानं पुसलेली. राख टाकली, ती झाडलेली. मी लेकीच्या खाटेचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि म्हटलं, आता बघते कशा चढतात. दुसऱ्या दिवशी लेकीच्या पापणीवर आणि कानामागं लाल गांधी. वाकून पाहिलं तर प्रत्येक वाटीत खराट्याची एकेक काडी आडवी ठेवलेली, जमिनीपासून खाटेच्या पायापर्यंत. पूल बांधून दिला होता. मुंग्या त्यावरून शिस्तीत चालल्या होत्या.

मी आत्याबाईंना विचारलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट मलाच समजावू लागल्या.

“नातीले पाहाले येऊन राहिले ते. पाह्यलीच नाही ना त्यायनं तिले. तू रस्ता काहून अडवून राहिली?”

मी त्यांना लेकीची सुजलेली पापणी दाखवली. चावतात त्या लाल, परक्या, असं म्हणून त्यांनी पापणीवर खोबरेल लावलं आणि काड्या होत्या तिथंच ठेवल्या. मी काड्या काढायची, त्या ठेवायच्या. असं दीड-दोन महिने चाललं. आणि खरी गोष्ट सांगायची तर तोवर माझंही काहीतरी बिघडलं होतं. दुपारी घरात एकटी असताना भिंतीवरून रांग येताना दिसली की माझा हात आपोआप पदराकडे जायचा. एकदा लेकीला अंगावर पाजत होते, समोरून एक काळी मुंगी आली, आणि मी लाजून पाठ फिरवली. आणि मग वाटलं, मामाजी गेले नसतील तर? माझं ते शेवटचं बोलणं ऐकून, तेवढ्यासाठीच राहिले असतील तर?

त्यानंतर चारच दिवसांनी लेकीच्या कानातून मुंगी निघाली. पोर किंचाळून काळीनिळी झाली होती. तेल घातलं तेव्हा ती तरंगत वर आली. मी त्याच आठवड्यात साकोलीच्या बाजाराला गेले आणि शेतकी दुकानातून पांढरी पावडर आणली. दुकानदारानं बजावलं, हात धुवा आणि लेकरापासून लांब ठेवा. आत्याबाई सरपण आणायला गेल्या होत्या त्या दुपारी, लेकीला शेजाऱ्यांकडे ठेवून, मी ती पावडर त्या जागेवर जाड पसरली. भोकांत भरली, भिंतीकडेनं रेघ ओढली. मग हात घासून घासून धुतले. मनात एवढंच होतं की मुंग्या नाहीतर माझी भीती, आता यातलं एक तरी संपू दे.

संध्याकाळी मी लेकीला घेऊन आले तर आत्याबाई माझ्या आधी पोचलेल्या. त्या जागेपाशी बसल्या होत्या. तपकीर ओढून त्यांच्या नाकाला वास कधीचा उरला नव्हता. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून माझ्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. इतके महिने जी सून मुंग्यांवर तुटून पडायची तिनं आज आपल्या हातानं एवढं पीठ घातलं, असं त्यांना वाटलं होतं. मला क्षणभर कळेना. कळलं तेव्हा त्या खाली वळून सांगत होत्या, “पाहा जी, आज सुनेनं जेवू घातलं तुमाले.”

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांनी मला इतक्या मायेनं कधी हात लावला नव्हता, आणि तो हात मला अजून थोडा वेळ हवा होता. म्हणून मी उभी राहिले. तेवढ्यात त्यांनी त्या पांढऱ्यातली चिमूट उचलली, आजाचा अंगारा म्हणून, आणि माझ्या कडेवरच्या लेकीच्या कपाळाकडे नेली.

मी त्यांच्या हातावर फटका मारला. ते जहर आहे म्हणून ओरडले. लेकीला लांब खाटेवर ठेवलं, त्यांचं मनगट धरून न्हाणीकडे ओढत नेलं, आणि बोटं साबणानं घासू लागले. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. मागं वळून त्या जागेकडे पाहत राहिल्या. तिथं आता मुंग्या दिसत होत्या, पाठीवर पडलेल्या, काही अजून पाय हलवणाऱ्या.

“तू त्यायले मारलं,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

ते मला सहन झालं नाही. मी खुनी नाही, हे मला त्या घडीला सिद्ध करायचं होतं. म्हणून मी सगळं सांगून टाकलं. मामाजी मुंगी-बिंगी काही झाले नाहीत, खाटेखाली साखरेचं पाणी माझ्या हातून सांडलं होतं, मी पुसलं नाही, म्हणून मुंग्या आल्या. मी काय बोलले तेही सांगितलं. सांगताना मला हलकं वाटत होतं, हे मी लपवत नाही. वाटलं होतं, त्या शिव्या देतील, मला त्या चालल्या असत्या.

आत्याबाईंचा ओला हात माझ्या हातात तसाच होता. मग त्यांनी विचारलं, “मंग ते गेले कुठं?”

मी तांब्यानं पाणी ओतत राहिले.

त्यानंतर घरात मुंगी उरली नाही. लेकीच्या अंगावरच्या गांधी गेल्या, ढोली स्वच्छ झाली. आत्याबाई मला कधी टाकून बोलल्या नाहीत. सकाळी आंघोळ झाली की त्या सवयीनं त्या जागेपर्यंत यायच्या, उभ्या राहायच्या आणि परत जायच्या. हळूहळू त्या बघू लागल्या. दारातल्या कुत्र्याकडे, आढ्यावरच्या पालीकडे, बांधीतल्या बगळ्याकडे. हातातलं काम सोडून, मान थोडी कलती करून, ओळख पटते का ते बघायच्या. मी जवळ असले की नजर काढून घ्यायच्या.

लेक शाळेत जाऊ लागली त्या वर्षी आमची म्हैस व्याली. मी वैरण घेऊन गोठ्यात गेले तर आत्याबाई त्या वगारूसमोर बसलेल्या. त्याचं ओलं डोकं दोन्ही हातांत धरून अगदी हळू विचारत होत्या, “तुमी होय का जी?”

इतक्या वर्षांत मला एवढं तरी कळलं होतं. मी वैरण खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला आणि मागून म्हणाले, “तेच दिसतात, आत्याबाई.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता.

“तू नोको सांगू बाई,” त्या म्हणाल्या. “तुले खरं मालूम रायते.”

मग त्यांनी वगारूचं डोकं सोडलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.