बिनगरजेचा रकाना

आमच्या गल्लीतला नवनीत इंजिनीअर होऊन परतला, तेव्हा नंदुरबारात ब्लॉकचेन बनवणारा तो एकटाच. म्हणजे स्पर्धा नव्हती, अन् गिऱ्हाईकही नव्हतं. शेवटी मिरचीचे सात व्यापारी तयार झाले. सातही कॉम्प्युटरवर एकच वही. पाचांनी होकार दिला की नोंद पक्की, मग कुणा एकाला ती खोडता येत नाही. व्यापाऱ्यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसल्याने त्यांना हे फार आवडलं.

शेजारच्या कौसाबाई मिरची वाळत घालायच्या मैदानावर, पथारीवर, देठं खुडायच्या. नवनीतने हिवाळ्यात त्यांना मोबाइलवर दाखवलं: पोत्याच्या नोंदीखाली त्यांचं नाव, फोटो.

"मावशी, सात मशीनमध्ये बसलात. आता तुम्हाला कोणी पुसू शकत नाही."

"सात जागे बसनू, पन पाट एकबी नही!"

पुढे व्यापारी कुरकुरले, फोटोंनी मशीन भरतंय. नवनीतने नवा नियम लिहिला. वजन, ओलावा, भाव हे गरजेचं. बाकी बिनगरजेचं: नव्वद दिवस कुणी उघडलं नाही, तर सातही ठिकाणांहून आपोआप गळणार. मला चहा पाजून तासभर समजावलं त्याने.

"म्हणजे आपली निम्मी गल्ली गळेल," मी म्हटलं. दोघंही हसलो.

पावसाळ्यात कौसाबाईंना धाप लागली. छातीत मिरचीची भुकटी बसलेली. मजुरांच्या मोफत उपचारासाठी पथारीवर काम केल्याचा पुरावा हवा होता. नवनीतने ऐटीत वही उघडली. पोती होती, ओलावा होता. नाव नव्हतं. नव्वद दिवसांत ते कुणीच उघडलं नव्हतं, त्यानेही नाही.

तो पथारीच्या मालकाकडे गेला. "निदान लेखी तरी द्या, शेठ."

"तुझ्याच वहीत नाही, तर मी कुठून देऊ?"

निदान बाकीच्या बायकांची नावं तरी वाचावीत म्हणून त्याने नियम मागे घ्यायचं ठरवलं, पण त्याला पाच होकार लागत होते. दोन मिळाले.

कौसाबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. "मन्हं नाव शे ना रे तठे?"

"आहे, मावशी."

"दखाड मंग."

त्याने पोत्याची नोंद उघडून मोबाइल पुढे धरला. त्यांना वाचता येत नव्हतं. बराच वेळ बघून म्हणाल्या, "मन्हा फोटू कोठे शे?"

भाद्रपदात त्या गेल्या.

नियम अजून तोच आहे. नवनीत रोज सकाळी कामाला बसण्याआधी वही उघडतो आणि अजून न गळलेली बायकांची नावं एकेक करून उघडत जातो. तीनशे बारा आहेत. मी चहा घेऊन जातो, तो गार होतो.