पड न टाकलेलं खाचर

जमिनीचा भाव विचारायला कुणी आलं की आजी आधी त्याच्या हातात विळा द्यायच्या. "बांधावरचं गवत काप. मग बोलू."

पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एजंट गोंधळून विळ्याकडे बघत राहायचे. बहुतेक जण हसण्यावारी नेऊन काढता पाय घ्यायचे. एकानं मात्र खरंच बूट काढले आणि चांगलं तासभर गवत कापलं. आजींनी त्याला चहा पाजला, पेंढ्या नीट बांधायला लावल्या आणि म्हणाल्या, "हात बरा हाय तुझा. उद्या पल्याडच्या बांधाला ये." तो काही परत आला नाही. गवत म्हशीनं खाल्लं.

हे सगळं मी आमच्या गॅलरीतून बघायचो. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या सोडून मी हिंजवडीच्या पलीकडे फ्लॅट घेतला, तेव्हा पेठेतले लोक "तो गावाला राहायला गेला" असं सांगायचे. ज्या गावाला गेलो ते गाव मात्र आपलं गावपण विकून मोकळं व्हायच्या घाईत होतं. मी एका सॉफ्टवेअर कंपनीत कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या बघायचो. कुठली बस कुठल्या चौकात अडकली आहे हे साहेबांना सांगणं, एवढंच खरं तर माझं काम. तुम्ही त्या काळात तिकडे फिरकला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. आज भात, उद्या चुन्याची रेघ, परवा पत्र्याचं कुंपण, आणि पुढच्या वर्षी तिथे काय होतं ते शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. शेतजमीन बिनशेती होते, तिकडच्या भाषेत एन.ए. होते. एन.ए.ची पुन्हा शेती झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या सगळ्यात आजींचं एक खाचर तेवढं उरलं होतं. खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घालून पाणी अडवलेला भाताचा तुकडा. त्याच्या एका अंगाला आमच्या सोसायटीची भिंत, दुसऱ्या अंगाला एका कंपनीची काचेची इमारत, आणि उरलेल्या बाजूंना पत्रे. रस्त्याकडून आत जायला पत्र्यांमध्ये माणूस आडवा होऊन जाईल एवढी फट होती. दुपारचं ऊन त्या काचांवर आपटून खाचराच्या एका कोपऱ्यावर पडायचं आणि तिथलं भात करपायचं. आजींनी तिथे बांबू रोवून जुनी लुगडी बांधली. कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं "हे बरं दिसत नाही" असा निरोप पाठवला. आजींनी उलट निरोप धाडला, "मग तुमची काच झाका." लुगडी तशीच राहिली.

आमच्या सोसायटीचंही त्या खाचरापाशी घोडं अडलं होतं. बिल्डरनं आम्हाला दुसरं गेट कबूल केलं होतं आणि शब्दाला जागून ते बसवलंही होतं. चांगलं लोखंडी, रंगवलेलं. फक्त ते उघडायचं थेट खाचरात. आमच्या बाजूला भराव घातलेला, त्यामुळे गेटाखाली पुरुषभर खोल उतार, आणि खाली आजींचं भात. तो तुकडा मिळाला की तिथून रस्ता निघणार होता आणि रोजचा मोठा वळसा वाचणार होता. मलाही तो रस्ता हवा होता. बसगाड्यांची रड दिवसभर ऐकल्यावर स्वतःच्या घरी पोचायलाही तसंच अडकायचं, याचा मला वैताग यायचा.

म्हणून एका रविवारी आमचे सेक्रेटरी आणि मी आजींकडे गेलो. विळा आम्हालाही मिळाला. सेक्रेटरी म्हणाले, "आजी, सगळं गाव पुढे गेलं. एवढ्याशा तुकड्यानं आता काय होणार?"

आजी म्हणाल्या, "मग एवढ्याशा तुकड्यावाचून तुमचं काय अडलंय?"

सेक्रेटरी निवृत्त प्राध्यापक होते. त्यांना कुणी असा उलट प्रश्न टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि मनातून मला बरं वाटलं, हे इथे सांगून टाकतो.

आजींना दोन मुलगे. थोरल्यानं आपल्या वाटणीची जमीन विकून मुलींचं हॉस्टेल बांधलं होतं. धाकट्याचा पाण्याचा टँकर होता आणि तो आमच्याच सोसायटीला पाणी विकायचा. मुलगे वाईट नव्हते. आईनं या वयात चिखलात उभं राहू नये असंच त्यांना वाटायचं, आणि त्या तुकड्याचं मोल त्यांना कळत नव्हतं असंही नाही. शेवटी गावातल्या चार जाणत्या माणसांसमोर देवळात बोलणं झालं. आजी जोवर भात लावतात तोवर मुलांनी तोंड उघडायचं नाही. ज्या वर्षी खाचर पड राहील, म्हणजे न लावता रिकामं राहील, त्या वर्षी आजींनी विक्रीवर अंगठा द्यायचा. आजींनी मान हलवली. त्या दिवसापासून त्यांचं एकच वाक्य झालं. तब्येत विचारा, पाऊस विचारा, काहीही विचारा, उत्तर एकच: "पड टाकनार न्हाई."

मग एका वर्षी पंचाईत झाली. चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करायला, ज्याची बैलजोडी यायची त्या शेजारगावच्या माणसानं बैल विकले. पत्र्यांच्या फटीतून यंत्र आत जाईना आणि आमच्या गेटातून ते खाली उतरेना. चिखल झाल्याशिवाय भात लावता येत नाही. रोप तर तयार होऊन बसलेलं, आणि रोप फार दिवस थांबत नाही, उशीर झाला की त्याला फुटवे येत नाहीत. धाकटा रोज टँकर घेऊन यायचा, पाणी सोडता सोडता भिंतीवरून खाचराकडे बघायचा आणि निघून जायचा. आजी हरणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो.

आजींनी इर्जिक घातली.

इर्जिक आता बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. एखाद्याचं शेत अडलं की तो गावाला हाक द्यायचा. लोक आपापली औतं घेऊन यायचे, एका दिवसात काम उरकायचे आणि यजमानानं त्यांना पोटभर जेवू घालायचं. मजुरी नाही. बोलावणं दारात जाऊन करायचं, आणि ज्याचा बांध आपल्या बांधाला लागतो त्याला तर भांडण असलं तरी बोलवायचंच. आजी दारोदार फिरल्या. ज्यांनी जमिनी विकून बंगले बांधले त्यांच्या दारात गेल्या. दोन्ही मुलांच्या दारात गेल्या. आणि एका सकाळी आमच्या मुख्य गेटवर येऊन उभ्या राहिल्या.

वॉचमननं विचारलं, "कुणाकडे जायचंय?"

"समद्यांकडं," आजी म्हणाल्या. "बांधाला बांध हाय तुमचा."

आमच्या लोकांनी त्याचं काय केलं ते ऐका. सेक्रेटरींना तो सहलीसारखा कार्यक्रम वाटला. त्यांनी फलकावर सूचना लावली: "भातलावणीचा आनंद. फक्त सभासदांसाठी. कॅमेरा व गमबूट आणावेत." कंपन्यांतली तरुण मुलं हौसेनं नवे गमबूट घेऊन आली. खाचरात गमबूट चालत नाहीत. पाय बाहेर येतो, बूट आत राहतो. पहिल्या पाचच मिनिटांत तीन-चार जण एका पायावर उभे. आजी बांधावरून म्हणाल्या, "देवळात आल्यागत पायतान काढून या. चिखल काय खात न्हाई."

पण खरी गंमत रस्त्यावर होती. मोठ्या मोठ्या गाड्या एकामागे एक येऊन लागत होत्या. त्यांतून गावकरी उतरत होते. जमिनी विकल्यापासून ज्यांच्या पायाला माती लागली नव्हती, अशी ही माणसं. त्यांनी विजारी गुडघ्यांवर गुंडाळल्या, सोन्याच्या साखळ्या सदऱ्यात सारल्या आणि पोटं सांभाळत फटीतून आत शिरले. आधी कुदळींनी ढेकळं फोडली. मग एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून सगळे रांगेनं चिखल तुडवू लागले. थोड्या वेळानं कुणीतरी कुणाच्या तरी पोटावरून बोललं आणि मग मात्र शिव्या आणि हसणं थांबेना. मीही त्या रांगेत होतो. माझ्या डाव्या खांद्यावर एका माजी सरपंचाचा हात होता आणि तो जड होता.

थोरला मुलगा बराच वेळ बांधावर नुसता उभा होता. इर्जिकीचं बोलावणं मोडता येत नाही, आणि आत उतरावं तर आपल्याच पायांनी आपला व्यवहार तुडवायचा. अखेर त्यानं बूट काढून बांधावर ठेवले आणि उतरला. आईच्या शेजारून जाताना म्हणाला, "आई, म्हंजे यंदा बी न्हाई."

"आधी पाय चालीव," आजी म्हणाल्या.

धाकटा आला नाही. टँकर रस्त्यात उभा आहे, तो सोडून कसा येऊ, असं त्यानं कळवलं. संध्याकाळी आजींनी सगळ्यांना आमटी-भात वाढला. गेल्या सालचं घरातलं सगळं भात त्यात संपलं असणार. धाकट्याचं पान तेवढं त्यांनी झाकून ठेवलं.

पुढची काही वर्षं असंच चाललं. गमबूट बंद झाले, गाड्या कमी होत गेल्या, पण लावणी चुकली नाही. मी रस्त्याचा विषय काढायचं सोडून दिलं. सेक्रेटरींनी नाही सोडलं, प्रत्येक सभेत त्यांचा तो विषय असायचाच.

एका उन्हाळ्यात आजी गेल्या. दोन दिवस ताप आला आणि गेल्या. दिवसकार्य आटोपायच्या आत घेणारे येऊन बसले. अंगठ्याचा प्रश्नच उरला नव्हता, आता मुलांच्या सह्या. आषाढात असले व्यवहार नकोत म्हणून श्रावणातला दिवस ठरला. आमच्याकडे पेढे वाटायचे तेवढे राहिले होते. मी गॅलरीत बसणं बंद केलं. मला ते रिकामं खाचर बघवत नव्हतं.

त्या आषाढात पावसानं ओढ दिली. सोसायटीच्या टाक्या आटल्या. एका सकाळी टँकर आलाच नाही. लोक बादल्या घेऊन खाली जमले आणि सेक्रेटरी फोन लावून थकले. मग मागून पंप चालू असल्याचा आवाज आला म्हणून आम्ही दुसऱ्या गेटाशी गेलो.

रस्त्यावर टँकर उभा होता. पत्र्यांच्या फटीतून त्याचा पाइप आत आला होता आणि खाचरात पाणी पडत होतं. टँकरच्या टपावर भाताच्या रोपांच्या जुड्या होत्या, कुठल्या तरी लांबच्या गावाहून आणलेल्या. थोरला कुदळीनं ढेकळं फोडत होता. धाकटा गुडघाभर पाण्यात एकटाच चिखल तुडवत होता. त्याला ते नीट जमत नव्हतं.

सेक्रेटरींनी वरून हाक मारली, "अहो, आमचा टँकर कुठंय?"

"हितं हाय."

"अख्खी सोसायटी खोळंबली आहे. ते शेताचं उद्या बघा की."

धाकट्यानं कपाळावरचा चिखल मनगटानं पुसला. "शेताचं आज हाय," तो म्हणाला. "तुमचं उद्या बघू."

मी बिनआंघोळीचा कामावर गेलो. श्रावणात सह्या झाल्या नाहीत.