राजकुमारची डब्ब्यावाली गाडी

बायको उज्ज्वला गेली तेव्हापासून राजकुमारची मोटरसायकल गोठ्यात उभी होती. वर ताडपत्री. कोंबड्या सीटवर बसत अन् सुखीबाई, राजकुमारची आई, त्याईले हाकलतबी नव्हती. गाडीले कोणी हातच लावत नव्हतं, मंग कोंबडी बसली काय अन् कावळा बसला काय.

झालं असं होतं. बोरी अरबच्या अंगाले आमचा तांडा. उन्हाळ्यात प्याच्या पाण्याचे हाल. म्हून तांड्यातले सारे पोट्टे गाडीच्या मागच्या चाकाची साडीची जाळी काढून टाकतात अन् तिथी पाण्याच्या कॅना लटकवतात. राजकुमारनंबी काढली होती. पावसाळा आला, कॅना निघाल्या, जाळी काही पुन्हा लागली नाई. कोणाच्याच गाडीले नव्हती, त त्याच्याच गाडीले कायले असन? अन् मंग एक दिवस आर्णीकडून माहेराहून येताना, नाल्याच्या वळणावर, उज्ज्वलाचा पदर चाकात गेला. लेक सलोनी पुढं टाकीवर बसली होती, लहाना पिंटू मायच्या मांडीवर. आमच्या उज्ज्वलानं पडता पडता लेकरू दोन्ही हातानं वर धरलं. पिंटूले खरचटलंबी नाई. पण दोन्ही हात त्याच्यात गुंतले, मंग सोताले कायनं सावरन?

गाडीवर बसली का तिचा उजवा हात राजकुमारच्या खांद्यावर राहे. बोलाची कमी. हळू घे म्हणाचं असलं का हात दाबे, बस. ती गेल्यावर तो हात काही गेला नाई. राजकुमार बैलबंडीवर बसलेला असो, कपाशीत डवरा धरून असो, खांद्यावर हात येऊन बसे. दचकून मागं पाहे. मागं कोणी नसे, कपाशी हलत राहे.

त्यानं हे फक्त आईले सांगतलं. अन् आईनं साऱ्या तांड्याले.

सुखीबाई म्हणे, "अरे बापा, गेलेलं माणूस हात ठेवत नसते, मानगूट धरते."

"नाई याडी," राजकुमार म्हणे. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. "हळूच ठेवते."

सलोनीचं येगळंच. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला का पोट्टी कणगीच्या मागं जाऊन बसे. कोणाचीबी गाडी असो. तांड्यात अंगणवाडीच तेवढी, शाळा बोरीले. राजकुमार तिले पायी ने, पावसात खांद्यावर घे, पण नाला भरला का शाळा बुडे. ऑटोत बसवून पाह्यली त तिनं असं रडणं काढलं का ऑटोवाला हात जोडून म्हणे, "भाऊ, उतरवा इले, बाकीचे लेकरंबी रडून राह्यले."

दिवाळीले उज्ज्वलाचा बाप अमरसिंग आला. बुढा सरळ बोलणारा. जेवण झालं, हात धुतला अन् म्हणे, "जवाईबापू, माह्याकडे शाळा दाराशी आहे. सलोनीले मी घेऊन जातो. पिंटू राहो तुमच्यापाशी."

राजकुमारनं पाण्याचा गिलास खाली ठेवला. "मामा, दोघं येगळे करता?"

"मंग का करू? पोरगी अनपढ ठेवू? माही एक लेक गेली, आता तिची लेक घरात दडून बसलेली पाहू?" बुढ्याचे डोळे भरले, पण आवाज नाई मोडला. "शाळा सुरू व्हाच्या आधी तुम्ही काही सोय केली, अन् पोरगी तिच्या मनानं गेली, त मी एक शब्द बोलणार नाई. नाई त मी नेईन."

बोलला अन् काठी घेऊन बाहेर गेला. सलोनी दाराआडून सारं ऐकून राह्यली होती. ती पिंटूचा हात धरून बसली.

शेजारच्या चंदाबाईचा नवरा सेवादास. त्यानं डोक्यात घातलं. म्हणे, "साइडकार पाह्य न बे. बाजूनं डब्बा असते. लेकरं तुह्या डोळ्यापुढं, मागं कोणाले बसवाचंच नाई. ना पदर, ना चाक."

राजकुमारले ते पटलं. पण त्यानं पहिलं काम काय केलं असन त दोरी घेतली अन् तांड्याच्या कच्च्या रस्त्यावर गेला. आमच्या रस्त्याले बंडीच्या दोन चाकोऱ्या पडल्या आहेत, खोल, मधात गवताचा उंचवटा. तीन चाकाची गाडी म्हणजे मोटरसायकल एका चाकोरीत अन् डब्ब्याचं चाक दुसरीत पडलं पायजे. नाई त डब्बा उंचवट्यावर चढन अन् लेकरं कलंडतीन. त्यानं या चाकोरीपासून त्या चाकोरीलोग दोरी ताणली अन् गाठ मारली.

सेवादास हासे. "लोक गाडीचा अॅवरेज पाह्यतात, हा रस्त्याचं माप घेऊन हिंडते."

आर्णीले एक वेल्डिंगवाला आपल्या हातानं डब्बे बनवून दे. रंग झकास, लाल. राजकुमारनं दोरी लावली. हातभर कमी. डब्ब्याले मागं टेका नाई, धराले दांडी नाई. कागद इचारला त वेल्डिंगवाला म्हणे, "कागद कायले पायजे? लग्नाची बायको आहे का?" सेवादास हासला. राजकुमार नाई हासला. लेकरं बसवाचे त पोलिसानं रस्त्यात उतरवून ठेवू नये, एवढं त्याले समजत होतं.

मंग कोणीतरी नेरचा पत्ता देल्ला. वामनराव म्हणून बुढे गृहस्थ, आंगणात जुनी बुलेट, डाव्या अंगाले साइडकार. डब्ब्याले छोटं दार, आत गादी, पुढं धराले लोखंडी दांडी, पायापुढं पत्रा. कागदात साइडकारची नोंद. राजकुमारनं दोरी लावली, मूठभर फरक. मूठभर चालते, चाकोरी काही चाकाएवढीच नसते.

पण डब्ब्याच्या गादीवर जात्याची तळी ठेवलेली होती. खालचा दगड, चांगला जड, अन् त्याच्याखाली गोधडीची घडी.

"हे कायले?" सेवादासनं इचारलं.

"घ्या चालवून, मंग सांगतो," वामनराव म्हणाले, अन् सेवादासकडून तळी उतरवून घेतली.

राजकुमारनं किती दिवसानं किक मारली असन! गियर टाकला का गाडी डावीकडे ओढे, ब्रेक लावला का उजवीकडे. गल्लीच्या टोकाले डावं वळण घेतलं अन् रिकामा डब्बा जमीन सोडून वर उचलला. त्यानं घाबरून हँडल सोडल्यासारखं केलं, डब्बा धाडकन खाली आला. राजकुमार गाडी ढकलत परत आला. तोंड पांढरं पडलं होतं.

"हे नाई पायजे," तो म्हणे. "हे पाडन लेकराईले."

वामनराव ओट्यावर बसले होते. "लेकरं बसल्यावर नाई उचलत. रिकामी उचलते. आमची घरवाली इंदू बसे यात, तोवर मले माहीतबी नव्हतं का ही गाडी उचलते म्हणून. बाजाराले जावो, लग्नाले जावो, तीच बसलेली. ती गेल्यावर एकटा निघालो अन् पहिल्याच वळणावर असाच वर गेलो, तुमच्यासारखा. मंग तिच्यावालीच जात्याची तळी ठेवली. लोक म्हणतात रेतीचं पोतं ठेवा. मले पोतं ठेवाले जमत नाई."

"बोलते का ती अजून?" राजकुमारनं इचारलं. कसं इचारलं ते त्यालेच समजलं नाई.

सेवादासनं त्याले कोपर मारला. पण वामनरावाईनं वाईट मानलं नाई. म्हणाले, "बोलत नाई. पण गाडी सरळ चालते."

बैलजोडीतला एक बैल इकून अन् उरलेलं सेवादासकडून घेऊन राजकुमारनं ती गाडी घेतली. वामनराव तळीबी देत होते. राजकुमार म्हणे, "नाई बापूजी, ती तुमची आहे. मी गहू भरून पोतं ठेवतो."

शाळा सुरू व्हाच्या दिवशी सकाळीच अमरसिंग आला. सुखीबाईनं सलोनीचे कपडे पिशवीत भरून ठेवले होते, कारण गाडी येऊन उभी होती पण पोट्टी तिच्याजवळ गेली नव्हती. गव्हाचं पोतं उतरवलेल्या डब्ब्यात पिंटू चढून उतरून थकला, सलोनी कणगीमागंच.

तरी पूजा त करावीच लागते. मंग लिंबावरून भांडण. "गाडीचे दोन लिंबू," सुखीबाई म्हणे. "चाकं तीन आहेत आत्या," चंदाबाई म्हणे, "तिसरं काय उपाशी ठेवता?" तीन लिंबं ठेवले. नारळ फुटला. हळद लागली.

आता आमच्याकडे नवीन गाडी आली का तिच्यात आधी सवाशीण बसवतात, मंग घरचे. इथी घरात सुखीबाई राडोळ, नवरा नसलेली, अन् घरची लक्ष्मी त निघून गेलेली. म्हून सुखीबाईनं चंदाबाईले म्हटलं, "तूच बस माय."

चंदाबाईनं नवीन हिरवं लुगडं घातलं होतं, हौशी बाई. "माह्या नवऱ्यानं मले सायकलवर नाई बसवलं, बरं झालं राजकुमारभाऊनं डब्बा आणला," म्हणत तिनं दार उघडलं अन् एक पाय आत टाकला.

तेवढ्यात घरातून सलोनी सुटली ते थेट येऊन चंदाबाईच्या लुगड्याले झोंबली. "तू नोको बसू! ते याडीची जागा आहे! तू नोको!"

चंदाबाईनं पाय काढून घेतला. तिचं तोंड उतरलं, पण ती बाजूले झाली. सलोनी डब्ब्यात चढली. एकदम कडेले, दाराले चिकटून बसली. पिंटूले ओढून मांडीवर घेतलं. बाकीची गादी रिकामी सोडली.

पिंटू म्हणे, "मले तिथी बसू दे."

"सरकू नोको. याडी बसन."

मंग ती खाली वाकली अन् डब्ब्याबाहेर हात काढून हवेतून काहीतरी गोळा केलं, आत घेतलं, मांडीजवळ दाबून ठेवलं. लोंबणारा पदर गोळा करावा तसं. दार लावलं. कडी घातली. बापाकडे पाह्यलं.

"चाल बा."

सुखीबाईनं तोंडाले पदर लावला. अमरसिंग काठीवर जोर देऊन उभा होता, त्याची हनुवटी हलून राह्यली होती. पिशवी त्यानं उचलली, सुखीबाईच्या हातात देल्ली. "राहू दे इथंच," म्हणे. पायी मेन रोडकडे लागला, एसटी पकडाले, मागं नाई पाह्यलं.

राजकुमारनं गाडी चाकोरीत घातली. दोन्ही चाकं बरोबर बसली. लेकरांचं वजन ते किती, अन् रस्त्याले डावं वळण आहे. त्यानं दात आवळले. गाडी वळली. डब्बा खालीच राह्यला. लेकरं बसल्यावर उचलत नाई हे वामनरावाईनं सांगतलं ते खरं, का आणखी काही, ते त्यानं कोणाले इचारलं नाई.

आता रोज जातात. दुसरी पोट्टी म्हणे मले बसू दे, त सलोनी बसू देत नाई. शाळेपुढं उतरली का पिंटूले उतरवून बापापाशी देते, मंग दार तसंच उघडं धरून थोडी थांबते, कोणी उतरत असल्यासारखी. तेवढा येळ राजकुमार इंजन बंद करून ठेवते. मास्तर खिडकीतून पाह्यते. तांड्यातल्या बाया म्हणतात भगत बोलवा, पोरीले काहीतरी लागलं आहे. राजकुमार म्हणते, "शाळेत जाते न पोरगी? मंग राहू द्या."

खांद्यावरचा हात मात्र त्या सकाळपासून आला नाई. कपाशीत नाई, सेवादासच्या बंडीवर नाई. सुखीबाई म्हणे, सुटला एकदाचा. त्याले मोकळं वाटाले पायजे होतं. पण तो गाडी चालवता चालवता उगाच खांदा ढिला सोडून पाह्यते, हळू घेते, वाट पाह्यते. काही येत नाई. बाजूले डब्ब्यात सलोनी कडेले सरकून कोणासोबत तरी हळूहळू बोलत राह्यते, वाऱ्यानं शब्द समजत नाई. त्याले पोरीले इचारावं वाटते, तुही याडी कशी आहे म्हून. इचारत नाई. रस्त्याकडे पाह्यते अन् गाडी चालवते.